बिनबुबुळाच्या देव्या

लातूरपासून नांदेडपर्यंतच्या मुलखात जगातल्या देवींशी माझ्या धाकट्या दिराइतका घरोबा असलेला माणूस झाला नाही, आणि समोरच्या घरातल्या बाईचं नाव जन्मभर माहीत नसलेलाही झाला नाही. मिसर देशातली गाईच्या शिंगांची देवी कशावर भाळते, बर्फाच्या मुलखातली देवी हरवलेल्या नवऱ्यासाठी कशी सोन्याचे अश्रू रडली, हे भाऊजी जेवताना आमटी गार होईपर्यंत सांगायचे. पण समोरची बाई हळदीकुंकवाला आली, की हळूच स्वयंपाकघरात येऊन विचारायचे, "वहिनी, त्या बाहेर कोण बसल्यात?" त्याच बाईच्या घरचं दूध रोज सकाळी ते स्वतः आणत.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "एवढ्या बाया सांभाळायलाव, अजून एक कुठं ठिवू?" आमच्या वरच्या खोलीत त्या सगळ्या बाया भिंतीला टेकून उभ्या असत आणि भाऊजी मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर झोपत. एका कानावर ब्रश, कधी दोन्ही कानांवर. तसेच झोपायचे, त्यामुळे आमच्या घरात पांढरी उशी कधी टिकली नाही. चहाचा कप आणि ब्रश धुवायचा कप यांत त्यांनी कधी भेदभाव केला नाही. एकदा माझ्या डोळ्यांदेखत निळं पाणी पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज साखर कमी पडली, वहिनी." मी चौथी शिकलेली बाई. चित्रातलं मला कळत नाही आणि कळतं असं मी कधी म्हटलंही नाही. तरी प्रत्येक चित्र ते आधी मला दाखवायचे. बाकीचे लोक बघायच्या आधीच छान म्हणतात, अशी त्यांची तक्रार होती. मी बघून झाल्यावरसुद्धा म्हणत नसे.

चित्र काढायला ते नांदेडला शिकले, शाळेत नाही, सिनेमाच्या बोर्डांवर. तिथे एक उस्ताद होते. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी नटीची साडी रंगवायची, दागिने रंगवायचे, गळ्याला गुलाबी आणि हनुवटीखाली हिरवी छटा द्यायची, पण डोळ्यांना हात लावायचा नाही. उस्ताद म्हणायचे, "आँख मेरी, बाकी सब तेरा." भाऊजींनी कित्येक वर्षं नुसत्या माना आणि कर्णफुलं काढली. मग एकदा उस्ताद तापाने पडले, नवा सिनेमा उद्यावर आला आणि भाऊजींनी बोर्डावरच्या खलनायकाचे डोळे स्वतः काढले. उस्ताद घोंगडी गुंडाळून बघायला आले. विझलेली विडी ओढत बराच वेळ बोर्डासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जा अब. अपनी दुकान डाल." असे भाऊजी लातूरला आले. भाऊजींच्या देवींच्या गालांवर शेवटपर्यंत नटीची गुलाबी छटा असायची, ती तिथली. देव कुठल्याही देशाचा असो, मेकअप नांदेडचा.

लातुरात त्यांचं नाव झालं ते डोळ्यांमुळेच. पंचक्रोशीत कुठे मारुतीला शेंदूर दिला, कुठे भिंतीवर देवी काढली, की डोळ्यांसाठी भाऊजींना बोलावणं यायचं. एका वर्षी औशाच्या पलीकडच्या एका गावातून आलं. नवरात्रासाठी देवळातल्या भिंतीवर उभी देवी काढायची होती, आणि पित्रं लागायच्या आत काम उरकायचं होतं. भाऊजी गुरवाच्या घरी जेवत आणि देवळात झोपत. डोळे त्यांनी सगळ्यात शेवटी काढले, गावाने नारळ फोडला, आणि ते संध्याकाळच्या एसटीने टोपी-उपरणं घेऊन घरी आले. त्या रात्री इतके खुशीत होते की माझ्या हातची भाकरी चांगली आहे म्हणाले. हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं, नंतरही म्हटलं नाही.

पहाटे भूकंप झाला. आमच्याकडे उतरंड कोसळली, भिंतीला भेग गेली, सगळी गल्ली मिळेल त्या कपड्यावर रस्त्यात उभी राहिली. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या, की तिकडची गावंच्या गावं बसली. भाऊजी भाकरीच्या गाठोड्यांच्या ट्रकमध्ये बसून तिकडे गेले. परत आले तेव्हा बोलत नव्हते. मी विचारत राहिले, कारण न बोलणारा माणूस घरात असला की मला स्वयंपाक सुचत नाही. शेवटी त्यांनी सांगितलं. देऊळ राहिलं नव्हतं. गुरव गेला होता, त्याचा थोरला मुलगा गेला होता. गुरवीण पत्र्याच्या शेडपाशी बसली होती, तिने भाऊजींना ओळखलं आणि म्हणाली, "पेंटर, तुमी तिचे डोळे उघडलाव आन् आमच्या घरच्यांचे मिटले."

मी म्हणाले, "भाऊजी, ब्रशनं जमीन हालत नसते. तिचं घर गेलंय, ती कुणालाही काहीही म्हणंल."

तर म्हणाले, "वहिनी, तुमी तो डोळा बघितला न्हाई. तसला डोळा मी जन्मात काढला नव्हता."

म्हणजे दुःख होतं ते होतंच, पण त्या दुःखाच्या बुडाशी हे होतं, की डोळा फारच चांगला उतरला आणि म्हणून एवढं झालं. एवढ्या मोठ्या संकटाला आपला ब्रश पुरला, असं मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तसं तोंडावर म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून त्यांनी डोळा काढणं सोडलं ते सोडलंच.

आता पेंटरने डोळा सोडायचा म्हणजे न्हाव्याने वस्तरा सोडण्यासारखं आहे. पोटापाण्याचे बोर्ड तर रंगवावे लागत. चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड आला, त्यावर त्यांनी मोठा चष्मा काढला आणि चष्म्यामागे निळं आकाश. दुकानदार म्हणाला, "लई झकास कल्पना हाय." त्याला काय माहीत! घोडे काढले तर डोळ्यांना झापडं लावून काढले. निवडणूक आली तेव्हा मात्र कमाल झाली. भिंतीभिंतीवर पुढारी रंगवायचे होते, आणि भाऊजींनी सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांना काळे गॉगल घातले. बाहेरगावचा माणूस त्या वर्षी लातुरातून गेला असेल, तर इथे डोळ्यांची साथ आलेली आहे असं समजून गेला असेल. एक उमेदवार तक्रार करायला आला होता. भाऊजी त्याला म्हणाले, "साहेब, रुबाब वाढलाय तुमचा." तो भिंतीसमोर उभा राहिला, मान वाकडी करून बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरचा गॉगल घालून हिंडायला लागला.

पुढे फ्लेक्स आले आणि ब्रशचं काम गेलं. तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. जिथे तिथे पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, चौकात बघावं तर शेकडो डोळे आपल्याकडेच. भाऊजी चौकातून मान खाली घालून चालत. त्या रिकाम्या दिवसांत त्यांना जगातल्या देव्या सापडल्या. गंजगोलाईच्या बाजारामागे त्यांचे एक मित्र होते, पुस्तकांचं बाइंडिंग करणारे चाचा. बंद पडलेल्या कुठल्याशा वाचनालयाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं चाचांकडे पडून होती. चाचांना उर्दू चांगलं येई, इंग्रजी बेतापुरतं, आणि भाऊजींना दोन्ही येत नसत. चाचा चित्रावर बोट ठेवून वाचायचे, "ये देखो पेंटरसाब, यूनान की. अकल की देवी, लढाई की भी." भाऊजी विचारायचे, "नवरा?" चाचा पानं उलटायचे. "नवरा लिखेला नहीं." एवढ्यावर भाऊजी घरी येऊन चित्र सुरू करायचे.

मी एकदा म्हणाले, "आपल्यात देव्या कमी पडल्या का? तुळजापूर काय लांब हाय?"

"आपल्या देव्यांना आपला पत्ता म्हाईत हाय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "ह्यांना न्हाई. रागावून निघाल्या तरी मुंबईला उतरतील आन् लातूरची गाडी कुठं लागते विचारत बसतील."

"आणि डोळे?"

"डोळेच न्हाईत तर रागावतील कुणावर? मी कोन, ते दिसायला तर पायजे."

असा तो सगळा बंदोबस्त होता. डोळ्याची पांढरी जागा, वर भुवई, पापण्या एकेक केस मोजून काढलेल्या, आणि बुबुळ नाही. गायवाली देवी काढायची म्हणून ते देवणीच्या बाजारात दिवस दिवस बसले, आणि मिसर देशातल्या त्या बाईशेजारी अस्सल देवणी गाय उभी केली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान. बघायला आलेले देवणीचे एक पाहुणे देवीकडे न बघता म्हणाले, "पहिल्या वेताची दिसती. पण आंधळी का घेतलाव?" बर्फातल्या देवीची गाडी दोन मांजरी ओढतात. त्यासाठी आमच्या मांजरींना दोऱ्या बांधून अंगणात धरून बसायला मला लावलं होतं. दोन्ही मांजरी दोन दिशांना गेल्या आणि माझा हात सोलून निघाला. एक देवी सापांचा घागरा नेसलेली होती. मी विचारलं, "हिने निऱ्या कुठं घातल्या?" भाऊजी चाचांकडे विचारायला गेले आणि दुपारी परत आले, "लिखेला नहीं." फक्त एका देवीला त्यांनी हात लावला नाही. समुद्रातल्या कुठल्या बेटावरची, डोंगर फोडून आग काढणारी, जमीन हालवणारी. चाचांनी नुसतं वाचून दाखवलं, तर भाऊजींनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दुसरं पुस्तक ठेवलं.

घुबडवालीची तर आमच्या गल्लीत चर्चा झाली. एका क्लासच्या सरांनी नवी इमारत बांधली होती. ते आले आणि म्हणाले, "मावशी, पेंटरकाकांना सांगा, दारावर विद्येची देवी पायजे. पण परदेशी. आपला क्लास इंटरनॅशनल हाय." भाऊजींनी यूनानची दाखवली. सर म्हणाले, "हिला हेल्मेट का?" भाऊजी म्हणाले, "लढाईची पण देवी हाय ती." "झकास! एंट्रन्स म्हंजे लढाईच हाय. पण हे खांद्यावर काय? घुबड? काका, पालक येनार हाईत. पोपट करा."

मला ते पटलं होतं. क्लासच्या दारावर पोपट म्हणजे आत जे चालतं त्याची पाटीच. पण भाऊजी अडून बसले. "तिकडं घुबड शाणं असतंय."

"बरं, राहू द्या घुबड, पालकांना मी समजावून सांगतो. पण डोळे काढा. नजर पायजे काका! पोरांनी दारातून आत येताना घाबरलं पायजे."

"डोळे मिळनार न्हाईत."

"रंग संपलाय का?"

"हाव," भाऊजी म्हणाले. "संपलाय."

सर गेले आणि दारावर फ्लेक्स लावला. घुबडवाली आमच्या जिन्यात आली, वर जागा संपल्यावर अजून दोघी. तोवर मी खालच्या दोन खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या होत्या. पोरी तिच्या भाल्याला ओढण्या अडकवत, परीक्षेच्या दिवशी एकीने लिंबू-मिरची बांधली. एका मुलीचे वडील खोली बघायला आले होते, ते जिना चढून उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, ह्या सगळ्याजनींना मोतीबिंदू हाय का?" मी म्हणाले, "बायांना नाही, काढणाऱ्याला आहे." ते दुसरीकडे खोली बघायला गेले.

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग भाऊजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा सांडायचा, मग भुवया वाकड्या यायला लागल्या. म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात भूकंप शिरलाय." मी म्हणाले, "मग आता काढायचे तर डोळे काढून टाका. पुढच्या वर्षी काढायला गेलात तर नाकावर काढाल." त्यांना काढायचे नव्हते असं नाही. रोज सकाळी ते बारीक ब्रश घेऊन एका चित्रासमोर उभे राहायचे, श्वास धरून. मी जिन्यातून बघितलं आहे. मग ब्रश कानावर ठेवून खाली चहाला यायचे. चित्रं अशीच आंधळी ठेवून हा माणूस जाणार, हे मला दिसत होतं. आणि आयुष्यभर जे एकच काम त्याला खरं येत होतं, ते न करता जाणार.

अशात एक म्हातारी नातीला घेऊन खोली बघायला आली. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पिशवी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "आक्का, ह्या बायांला डोळे का न्हाईत?" त्याच वेळी भाऊजी वरून खाली येत होते. त्यांनी तिला बघितलं आणि होते तसे उलटे वर गेले. न्हाणीची कडी लागल्याचा आवाज आला.

कुठल्या गावच्या, म्हणून मी विचारलं. तिने गाव सांगितलं. देवळामागे घर होतं म्हणाली, गुरवाचं. मला काय ते समजलं. मला आडपडदा जमत नाही. नातीला मी खाली पोरींमध्ये पाठवलं, आणि म्हातारीला तिथेच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. तुम्ही असं म्हणालात, आणि भाऊजींनी असं केलं, आणि तेव्हापासून हे असं आहे.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्या असं म्हनले?"

"म्हणालात."

"आसंल. त्या दिवसांत म्या काय काय म्हनले, कुनाला म्हनले, मला कायबी याद न्हाई. पावाच्या गाडीवाल्याला शिव्या दिल्या म्हनं. डॉक्टरला हानलं म्हनं." तिने पदराने तोंड पुसलं. बंद न्हाणीकडे तिने एकदा बघितलं. मग एकदम तो गल्लीच्या टोकाला जाणारा आवाज काढून म्हणाली, "आन् डोळे उघडले कशाचे? त्यो डावा डोळा तर तिरळा होता!"

न्हाणीत काहीतरी पडलं.

"नाकाकडं बघायलती बिचारी देवी," म्हातारी म्हणाली. "आमी दुसरा पेंटर बगनार होताव."

न्हाणीची कडी निघाली. भाऊजी बाहेर आले, तोंडावर साबण तसाच. "कोन म्हनतंय तिरळा?"

"मी म्हनतीया. त्या सांजंला दिवा लावायला मीच गेलते न्हवं का!"

"ती दाराकडं बघत होती! मुद्दाम तसा काढलाव!"

"दार डाव्या अंगाला होतं, पेंटर. ती बघायलती उजवीकडं."

"डाव्या अंगाला कोनाडा होता!"

"कोनाडा घंटेच्या मागं होता. तुमी त्यात विड्या ठिवायचाव."

"भिंतीला तिथं पोपडा आलता! म्या गुरवाला सांगितलं, आधी पोपडा काडा, त्याच्यामुळं तसं दिसंल."

"त्येंना कुठला येळ? त्येंना तंबाखू मळायला दिवस पुरायचा न्हाई," म्हातारी म्हणाली, आणि हसली.

मग ते दोघं तिथेच जिन्यावर, एक वर आणि एक खाली, भांडत बसले. लिंबाचा पार देवळापासून किती लांब, पाटलाची म्हैस कोणत्या खांबाला अंग घासायची, घंटेचा लोळा कुणी चोरला, पावसाचं पाणी कुठून गळायचं. मी चहा दिला, तो गार झाला, परत गरम करून दिला. त्या गावाचं आता काही राहिलेलं नाही, आणि हे दोघं मात्र पायरीवर बसून एकमेकांना चूक ठरवत होते. शेवटी म्हातारी उठली आणि म्हणाली, "तोंडानं काय सांगायलाव? काडून दाखवा की. सरळ निघाला तर म्या खोटी."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींनी डोळे काढायचं ठरवलं. पण आधी घर रिकामं करायला लावलं. पोरी पुस्तकं घेऊन रस्त्यात, म्हातारी खुर्ची घेऊन रस्त्यात, मांजरी रस्त्यात, गॅसची टाकी बंद. शेजारच्यांनाही बाहेर काढलं, समोरच्या बाईला "ओ ताई, तुमीबी" म्हणाले, नाव तेव्हाही माहीत नव्हतं. सगळी गल्ली उन्हात उभी. गायवाली मधल्या खोलीत आणली होती, कारण तिथे उजेड बरा. मी खोलीतच होते.

"वहिनी, तुमीबी जा."

"माझी तूर निवडायची आहे."

"भायेर निवडा."

"बाहेर वारं आहे. मी कुठं जात नाही. तुम्ही तुमचं काम करा."

त्यांनी भिंतीवर थाप मारून बघितली. मग म्हणाले, "मग भिंतीपासून जरा लांब तरी बसा." मी सूप घेऊन जरा सरकले.

आधी त्यांनी गाईचे डोळे काढले, हात सुटावा म्हणून. गाय लगेच जिवंत झाली, दोरी तोडून तूर खाईल अशी. मग देवीचा उजवा डोळा काढला. डावा हात उजव्या मनगटाला धरून, श्वास बंद करून. चित्रातलं मला कळत नाही, पण त्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं, एवढं खरं. मग डावा सुरू केला. बुबुळ निम्मं झालं असेल, तोच खालची जमीन थरथरली. मांडणीवरची भांडी वाजायला लागली, ताटं एकमेकांवर आपटली. भाऊजींनी ब्रश टाकला, एका उडीत माझ्यापाशी आले, माझ्या मांडीवरचं सूप ओढून माझ्या डोक्यावर धरलं आणि वर छताकडे बघत उभे राहिले. तूर घरभर झाली. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"ओ बाई! पाईप धरा कुनीतरी!" बाहेरून ओरडा आला.

पाण्याचा टँकर होता. सतरा दिवसांनी आला होता की किती कुणास ठाऊक, पण जगबुडी बघायला जमलेली आमची गल्ली भूकंप आणि देवी दोन्ही विसरून बादल्या आणायला पळाली. पोरीसुद्धा पुस्तकं टाकून घागरी घेऊन रांगेत लागल्या. भाऊजींनी माझ्या डोक्यावरचं सूप खाली घेतलं. त्यांनी ब्रश उचलला, पुसला, आणि राहिलेलं अर्धं बुबुळ पुरं केलं.

मी बघितलं. डावा डोळा नाकाकडे गेला होता. चांगला ठळक.

म्हातारी आत आली. भाऊजी हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखे उभे होते. ती चित्राच्या जवळ गेली, मागे सरकली, परत जवळ गेली. मग पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "सरळ हाय. म्या खोटी पडले, पेंटर."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसून तूर गोळा करायला लागले.

संध्याकाळी तिला रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. नातीची खोली ठरली होती. मी तिला विचारलं, "खरं सांगा, देवळातला तो डोळा तिरळा होता का?"

ती पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. "त्यो?" ती म्हणाली. "आक्का, त्यो डोळा लई सुंदर होता. त्या सांजंला दिवा लावायला गेले तर वाटलं, कुनीतरी आपली वाट बगायलंय." रिक्षा निघाली, तरी ती बाहेर डोकं काढून म्हणाली, "त्येंना नका सांगू."

मी सांगितलं नाही. भाऊजींनी त्या वर्षात सगळ्यांचे डोळे काढले, मांजरवालीचे, सापवालीचे, घुबडाचेसुद्धा. हाताने साथ दिली तेवढे उतरले, एकीचा डावा इकडे, एकीचा उजवा तिकडे. पण काम संपल्यावर ते रोज दुपारी गाढ झोपायचे, आणि उशीची खोळ तशीच रंगवायचे. एक मात्र होतं. आयुष्यभर प्रत्येक चित्राला मला विचारलं, "वहिनी, कसं जमलंय?" त्या डोळ्यांबद्दल एकदाही विचारलं नाही.

ते गेल्याला आता काही वर्षं झाली. गायवाली मी जिन्यात लावली आहे. गुडघे दुखतात, म्हणून वर जाताना मी मधल्या पायरीवर दम खायला थांबते. तिथून बघितलं तर तिचे दोन्ही डोळे सरळ दिसतात. बाकी कुठल्याच पायरीवरून दिसत नाहीत.